बाइकचं इंजिन, चार चाकं: रेसकारसाठी ऑइल सिस्टिम कशी निवडायची

बाइकचं इंजिन रेसकारमध्ये बसवताना पहिल्या वर्षीच्या टीमचं सगळं लक्ष रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा मर्यादित करणारी अरुंद नळी), ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) आणि एक्झॉस्टकडे असतं. ऑइल पॅन (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) बाइकवर होता तसाच राहतो. मग स्किडपॅडच्या (दोन वर्तुळांत गोल फिरण्याच्या कसोटीच्या) सरावाला दोन-तीन दिवस होतात न होतात तोच इंजिन खालून टकटक वाजायला लागतं. उघडून बघावं तर रॉड बेअरिंग गेलेलं. ऑइल भरपूर होतं, पंप चांगला होता, फिल्टर नवा होता. फक्त ऑइल पिकअपपाशी, म्हणजे पंप जिथून ऑइल ओढतो त्या नळीच्या तोंडाशी, नव्हतं.

हा लेख फॉर्म्युला भारत किंवा सुप्रासारख्या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धांसाठी गाडी बनवणाऱ्या नव्या टीमना समोर ठेवून लिहिला आहे. केटीएम ३९० चं इंजिन चाकणला बनतं, सेकंडहँड मिळतं, पार्टही मिळतात, म्हणून आपल्याकडच्या अनेक टीम तेच घेतात. काही टीम ६०० सीसीच्या चार सिलिंडर जपानी इंजिनाकडे जातात. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थी स्पर्धांच्या नियमात ७१० सीसीपर्यंत मुभा आहे, त्यामुळे दोन्ही चालतात. ऑइलच्या बाबतीत दोघांचं दुखणं एकच, फक्त प्रमाण वेगळं.

बाइक वाकते, गाडी वाकत नाही

बाइक वळणात वाकते तेव्हा वजन आणि वळणाचा जोर यांची बेरीज बाइकच्या उभ्या रेषेतच पडते. ऑइलच्या दृष्टीने बाइक सरळच उभी असते, ते पॅनच्या तळाशी दाबून बसतं. गाडी सपाट राहते, त्यामुळे सगळं ऑइल बाहेरच्या बाजूला चढतं. १ जी ला (वळणाचा आडवा जोर वजनाएवढा असताना) ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशात कलतो, १.५ जी ला ५६ अंशात.

हे आकडे मोठे वाटत असतील तर स्किडपॅडचं गणित करून बघा. आतलं वर्तुळ १५.२५ मीटर, बाहेरचं २१.२५ मीटर व्यासाचं, म्हणजे गाडी साधारण ९.१ मीटर त्रिज्येवर फिरते. फेरी ५.५ सेकंदांत मारली तर १.२ जी, ५ सेकंदांत मारली तर जवळपास १.५ जी. आणि प्रत्येक बाजूला सलग दोन फेऱ्या, म्हणजे दहा सेकंद ऑइल एकाच भिंतीला चिकटलेलं. ऑटोक्रॉसमध्ये (वळणावळणाच्या ट्रॅकवरच्या वेळेच्या फेरीत) वळणं लवकर बदलतात, तिथे ऑइलला परत यायला वेळ मिळतो. स्किडपॅडमध्ये मिळत नाही.

आता एक पॅन डोळ्यांसमोर आणा: २०० मिमी रुंद, १०० मिमी लांब, ऑइल ६० मिमी खोल, म्हणजे १.२ लिटर. पिकअप बरोबर मध्यावर, भिंतीपासून १०० मिमीवर. १.४ जी ला ऑइल त्रिकोणी होऊन बाहेरच्या भिंतीला टेकतं. त्रिकोणाचा पाया १३१ मिमी येतो, म्हणजे पिकअपच्या जागी अजून ४३ मिमी ऑइल आहे. ठीक वाटतं. पण चालू इंजिनात सगळं ऑइल पॅनमध्ये नसतं. हेडमध्ये, गिअरबॉक्समध्ये, गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाहिन्यांत), भिंतींवर बरंचसं अडकलेलं असतं. पॅनमध्ये ६० टक्केच राहिलं असं धरा. पाया १०१ मिमीवर येतो आणि पिकअपपाशी उरतं जेमतेम २ मिमी. पंप त्यात हवा ओढणारच. त्यातून बाहेरची भिंत बंद नसेल, क्लच कव्हरकडे मोकळी असेल, तर हे २ मिमीही राहत नाहीत.

बहुतेक बाइकना चेन डावीकडे आणि क्लच उजवीकडे असतो. इंजिन गाडीत बाइकसारखंच आडवं बसवलं, तर डाव्या वळणात ऑइल क्लच कव्हरमध्ये शिरतं आणि तिथून सावकाश परत येतं. म्हणून प्रेशर एकाच बाजूच्या वळणात पडतंय अशी तक्रार नेहमी ऐकू येते. इंजिन काटकोनात फिरवून प्रोपेलर शाफ्टला जोडलं असेल तर हिशोब बदलतो: स्प्रॉकेटची बाजू मागे येते, क्लच कव्हर पुढे, आणि मग ब्रेक मारताना ऑइल तिथे जातं. कुठलीही सिस्टिम निवडण्याआधी कागदावर इंजिनाचं वरून चित्र काढा, पिकअपची जागा मोजून टाका आणि चारही दिशांना बाण मारून ऑइल कुठे पळेल ते लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी मोजा

बाइकचा मूळ ऑइल प्रेशर स्विच रेसकारमध्ये जवळपास निरुपयोगी. तो अगदी कमी दाबाला लागतो. दिवा पेटेपर्यंत बेअरिंगला जे व्हायचं ते झालेलं असतं.

त्याऐवजी ० ते १० बारचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर घ्या. व्होल्टेजमधून ०.५ वजा करून २.५ ने गुणलं की बार मिळतात: २.१ व्होल्ट म्हणजे ४ बार. बसवताना थ्रेड तपासा. अनेक जपानी इंजिनांवर स्विचचा थ्रेड १/८ बीएसपीटी असतो, इंचाला २८ आटे. बाजारातले बरेच सेन्सर १/८ एनपीटी, इंचाला २७. दोन फेरे छान बसतात, तिसऱ्याला जोर लागतो आणि चौथ्याला केसिंग तडकतं. भोसरीतला कुठलाही टर्नर तासाभरात ॲडॉप्टर करून देईल. सेन्सर थेट इंजिनावर न लावता छोट्या ब्रेडेड पाइपने चॅसीवर आणा. सिंगल सिलिंडरच्या हादऱ्यांनी सेन्सर लवकर मरतात.

लॉगरवर (डेटा नोंदवणाऱ्या यंत्रावर) प्रेशर, आरपीएम, ऑइलचं तापमान, आडवा जी आणि पुढचा-मागचा जी एकत्र नोंदवा, प्रेशर सेकंदाला किमान ५० वेळा. दहा वेळा नोंदवलं तर पाव सेकंदाची खोल दरी ग्राफवर नुसता खड्डा दिसते. नंतर फक्त ५,००० आरपीएमच्या वरचा डेटा घ्या आणि आडव्या जी समोर प्रेशर असा ठिपक्यांचा आलेख काढा. त्यात तीन प्रकार वेगळे दिसतात. एका बाजूच्या वळणातच ठिपके खाली घसरत असतील तर पिकअप उघडा पडतोय. प्रेशरची रेघ सगळीकडेच थरथरत असेल तर ऑइलमध्ये फेस आहे, पातळी जास्त असेल किंवा पिकअपची ओ-रिंग हवा ओढत असेल. फेरीगणिक सगळंच हळूहळू खाली येत असेल तर ऑइल तापून पातळ होतंय. तिथे पॅन बदलून उपयोग नाही, कूलर लागेल. प्रेशर किती हवं हे सर्व्हिस मॅन्युअल सांगतं, ठरावीक आरपीएम आणि ठरावीक तापमानाला. सरळ रस्त्यावर तो आकडा मिळतोय ना, ते आधी बघा.

ईसीयूमध्ये इंजिन बंद करण्याची अट टाका. उदाहरणार्थ ४,००० आरपीएमच्या वर १.५ बारला लाल दिवा, आणि १ बारच्या खाली ०.३ सेकंद राहिलं तर इग्निशन कट. आकडे आपल्या इंजिनाप्रमाणे बदला, पण ही अट पहिल्या दिवसापासून असू द्या. ड्रायव्हर वळणात दिव्याकडे बघत नसतो.

पर्याय एक: ऑइल जास्त भरणं

फुकटचा उपाय, म्हणून सगळे आधी हाच करतात. केटीएम ३९० मध्ये सुमारे १.७ लिटर ऑइल बसतं. त्यात २०० ते ३०० मिली जास्त घालून बघायला हरकत नाही. पुढे मात्र क्रँक आणि क्लच बास्केट ऑइलमध्ये बुडून ते घुसळायला लागतात. ताकाचं काय होतं ते माहीत आहेच. फेसाळलेलं ऑइल पंपातून जातं पण बेअरिंगला धरत नाही. उरलेलं ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपमधून) कॅच टँकमध्ये (बाहेर आलेलं ऑइल धरणाऱ्या डब्यात) येतं आणि पॉवरही थोडी जाते. हा एका दिवसाचा इलाज समजा.

पर्याय दोन: बॅफल आणि फाटकं

नव्या टीमला आमचा सल्ला इथूनच सुरुवात करण्याचा आहे, आणि केटीएमवाल्या बहुतेकांना इथेच थांबता येईल. खर्च पत्रा, आर्गन वेल्डिंग आणि दोन शनिवार-रविवार.

बॅफल म्हणजे पॅनमधल्या आडभिंती. कल्पना अशी की पिकअपभोवती एक बंद खोली करायची. ऑइल आत येऊ शकतं, बाहेर जाऊ शकत नाही. चार सिलिंडर इंजिनासाठी साधारण १०० बाय १०० बाय ५० मिमी, म्हणजे अर्धा लिटर. केटीएमसारख्या सिंगल सिलिंडरसाठी मिळेल त्या जागेत. भिंती १.५ ते २ मिमी ॲल्युमिनियमच्या. प्रत्येक भिंतीत एक खिडकी, तिला आतल्या बाजूने वर बिजागरी असलेलं पातळ स्टीलचं फाटक. ऑइल बाहेरून ढकललं की फाटक आत उघडतं, आतून ढकललं की भिंतीला टेकून बंद होतं. फाटक पूर्ण आडवं होऊन अडकू नये म्हणून आत थांबा द्या.

वरचं झाकण विसरू नका. झाकण नसलेली खोली म्हणजे नुसती वाटी, १.४ जी ला ऑइल भिंत चढून वरून निघून जातं. झाकणात पिकअप पाइपभोवती २ ते ३ मिमी फट आणि हवा जायला ३ मिमीची दोन-तीन भोकं पुरतात. पिकअपचं तोंड तळापासून किती वर? पाइपचा आतला व्यास १६ मिमी असेल तर ४ मिमी फटीचं क्षेत्रफळ पाइपएवढंच होतं. म्हणून ६ ते ८ मिमी ठेवा. त्याहून वर नेलं तर तेवढं ऑइल वाया.

चुका कुठे होतात? एक, पॉप रिव्हेट. त्याची तुटकी दांडी कधीतरी सुटते आणि ऑइलसोबत फिरते. स्क्रू वापरा, थ्रेड लॉकर लावा, जमलं तर लॉकवायरही. दोन, हेडमधून परत येणाऱ्या ऑइलची वाट बॅफलने बंद होणं. मग ऑइल वरच साठतं आणि पॅन कोरडा. तीन, क्लच कव्हरकडची मोकळी जागा तशीच सोडणं. तिथे अर्ध्या उंचीची आडभिंत लागते, खाली परतीसाठी छोटी खाच ठेवून. ऑइल सावकाश आलं तरी चालेल, एकदम जाता कामा नये.

गाडीवर चढवण्याआधी पॅनला ॲक्रिलिकची बाजू लावून टेबलावर तपासा. ६० टक्के ऑइल घाला, पॅन ५५ अंशात कलवा आणि घड्याळ लावा. पिकअपचं तोंड दहा सेकंद बुडालेलं राहिलं पाहिजे. इंजिनातलं ऑइल शंभर अंशाला खूपच पातळ असतं, खोलीच्या तापमानाचं जाड ऑइल इथे खोटा दिलासा देतं. जुनं ऑइल गरम करून वापरा, किंवा त्यात थोडं रॉकेल घालून पातळ करा.

पॅनच नवा बनवायचा असेल, म्हणजे इंजिन खाली आणण्यासाठी उथळ आणि रुंद, तर फ्लँज (इंजिनाला टेकणारी कड) ८ ते १० मिमी जाड ठेवा आणि वेल्डिंग करताना ती जाड प्लेटवर बोल्टने आवळून ठेवा, नाहीतर ती केळ्यासारखी वाकते. वेल्डिंगनंतर मिलिंगवर सपाट करून घ्या; नुसत्या पॅकिंगवर आणि सिलिकॉनवर भरवसा नको. आतून सुटलेला सिलिकॉनचा तुकडा पिकअपच्या जाळीत जाऊन बसतो. गळती तपासायची जुनी पद्धत अजून सगळ्यात चांगली: वेल्डला बाहेरून खडू फासा, आत रॉकेल भरून रात्रभर ठेवा. सकाळी खडू जिथे ओला दिसेल तिथे भोक आहे.

पर्याय तीन: ॲक्युम्युलेटर

ॲक्युसंप या नावाने ओळखली जाणारी ही वस्तू म्हणजे एक नळकांडं. मध्ये पिस्टन, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला ऑइल. प्रेशर असताना ऑइल भरून घेतं, प्रेशर पडलं की सोडतं. कॅटलॉगमध्ये फार आकर्षक दिसतं, म्हणून गणित करू.

एक लिटरचं नळकांडं, हवा आधी ०.५ बारला भरलेली. इंजिनाचं प्रेशर ४ बार. वातावरणाचा एक बार धरून १.५ चे ५ झाले, म्हणजे हवा ०.३ लिटरमध्ये दबते आणि ०.७ लिटर ऑइल आत येतं. आता प्रेशर २ बारपर्यंत पडू दिलं तर हवा ०.५ लिटर होते. म्हणजे बाहेर आलं फक्त ०.२ लिटर. इंजिन मिनिटाला २० लिटर घेतं असं धरलं तर हे ०.६ सेकंद पुरतं. बाकीचं ऑइल येतं, पण घसरत्या दाबाने.

ब्रेक मारून वळताना अर्धा सेकंद प्रेशर जात असेल तर ॲक्युम्युलेटर उत्तम आहे. स्किडपॅडच्या दहा सेकंदांवर तो इलाज नाही. बॅफलला जोड म्हणून घ्या, बदली म्हणून नको. बसवताना पंपाच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर साठवलेलं ऑइल बेअरिंगकडे जाण्याऐवजी पंपातून उलटं पॅनमध्ये जातं. जोडणारा पाइप लहान आणि जाड, किमान डॅश-८, म्हणजे अर्धा इंच. पातळी मोजताना ॲक्युम्युलेटर रिकामा आहे की भरलेला हे प्रत्येक वेळी सारखंच ठेवा, ०.७ लिटरचा गोंधळ डिपस्टिकवर कळत नाही. एक फायदा मात्र निर्विवाद: व्हॉल्व्ह हाताने उघडून इंजिन सुरू करण्याआधीच बेअरिंगला ऑइल देता येतं.

पर्याय चार: ड्राय संप

इथे ऑइल खाली ठेवतच नाहीत. स्कॅव्हेंज पंप ते पॅनमधून ओढून वेगळ्या टाकीत टाकतो, टाकीतून प्रेशर पंप इंजिनाला देतो. पॅन ३० ते ४० मिमी जाडीचा उरतो, इंजिन खाली येतं, क्रँकला घुसळायला काही नसतं. स्लिक टायर, डाउनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर) आणि लांब वेगवान वळणं आली की याला पर्याय राहत नाही. ब्रिटनच्या रॅडिकल एसआर३ मध्ये हायाबुसावर बेतलेलं इंजिन आहे आणि ते ड्राय संपवरच चालतं.

पण टाकी, पाइप, पंप, बेल्ट आणि जास्तीचं ऑइल धरून काही किलो वाढतात. गळायच्या जागा दुप्पट होतात. बेल्ट किंवा त्याच्या पुलीची चावी तुटली की इंजिन गेलं. पहिल्याच वर्षी हे अंगावर घेण्याएवढा वेळ बहुतेक टीमकडे नसतो. गाडी जानेवारीत पळवायची आणि डिसेंबरमध्ये पंपाचा ब्रॅकेट डिझाइन चालू, असं चित्र नको.

तरीही करणार असाल तर स्कॅव्हेंजची क्षमता प्रेशर पंपाच्या किमान दीडपट, शक्यतो दुप्पट घ्या, कारण तो ऑइलसोबत हवाही ओढतो. बाइकच्या इंजिनात गिअरबॉक्स त्याच केसमध्ये असल्याने ऑइल दोन ठिकाणी साठतं: क्रँकखाली आणि गिअरबॉक्सखाली. दोन्हीकडून ओढायची सोय लागते, प्रत्येक ओढीला स्वतःची जाळी. टाकी उंच आणि बारीक, उंची व्यासाच्या किमान दुप्पट. परत येणारं ऑइल वर, भिंतीला स्पर्शरेषेत सोडा म्हणजे ते गोल फिरत खाली येतं आणि हवा मध्ये सुटते. त्याखाली भोकांची एक आडवी तबकडी, बाहेर जाणारं तोंड अगदी तळाला. सिंगलला ३ लिटरची टाकी, ६०० ला ४ ते ५. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप डॅश-१२, म्हणजे पाऊण इंच, कमीत कमी वळणांचा. इथे काटकसर करून डॅश-८ लावला तर थंड ऑइल ओढताना पंपात पोकळ्या तयार होतात.

पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढा आणि गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. टाकीची पातळी इंजिन गरम आणि चालू असतानाच बघा. बंद इंजिनात ऑइल हळूहळू पॅनमध्ये उतरतं, मग कोणीतरी टाकी कमी दिसली म्हणून लिटरभर वर घालतो आणि पुढच्या स्टार्टला ते सगळं कॅच टँकमध्ये येतं.

ब्रीदर आणि तपासणी

हा भाग स्पर्धेच्या आदल्या रात्री आठवतो. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात कॅच टँक भरलेल्या ऑइलच्या १० टक्के किंवा ९०० मिली, जे जास्त असेल तेवढा लागतो; उकळत्या पाण्याने त्याचा आकार बदलता कामा नये, म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही. जागा फायरवॉलच्या (ड्रायव्हर आणि इंजिन यांच्यामधल्या भिंतीच्या) मागे, ड्रायव्हरच्या खांद्याखाली. ब्रीदर इनटेकला जोडायचा असेल तर रिस्ट्रिक्टरच्या आधीच्या बाजूला, नंतर नाही. आपल्या वर्षाचं नियमपुस्तक शब्दशः वाचा, आकडे दरवर्षी बदलू शकतात.

मग टिल्ट टेबल: गाडी ६० अंशात कलवतात आणि थेंबही गळू देत नाहीत. ब्रीदरचा पाइप इंजिनातून निघून आधी सरळ वर गेला पाहिजे, दोन्ही बाजूंना कलवल्यावर त्याचा वरचा टप्पा ऑइलच्या पातळीच्या वर राहील इतका. सिंगलमध्ये पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा जोरात ढकलली जाते, म्हणून पाइप मूळ व्यासापेक्षा बारीक करू नका.

ऑइल जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचं मानक) चंच. क्लच आणि गिअर त्याच ऑइलमध्ये आहेत. कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात आणि क्लच घसरतो. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, केटीएम ३९० ला १५डब्ल्यू-५०. तापमान ९० ते १२० अंशांत ठेवा, ७० च्या खाली इंजिन ताणू नका.

आणि सरावाच्या प्रत्येक दिवसानंतर फिल्टर कापून बघा. घडीचा कागद उलगडून पांढऱ्या कापडावर दाबा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलेली बारीक भुकटी गिअरची असते, थोडी असेल तर चालतं. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे आहेत. इंजिन त्याच दिवशी उतरवा.